खांद्यावरचा अंगठा

मी, एइझो कात्सुमाता, वय वर्षे एक्याऐंशी, शिझुओका शहरात स्टेशनामागच्या गल्लीत सुटे भाग जोडून बनवायच्या प्लास्टिक मॉडेलचं दुकान चालवणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डोळ्याला भिंग लागतं, पण या धंद्यात ते तिशीपासूनच लागतं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच होती, माझी पत्नी मित्सुए, आणि तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

घर आणि खालचं दुकान माझ्या पश्चात माझी मुलगी चिगुसा हिच्या मालकीचं व्हावं. दुकान तिने चालवावं असं माझं म्हणणं नाही. भाड्याने खुशाल द्यावं. मात्र भाडेकरूने रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात मोबाइलची कव्हरं टांगू नयेत. पोस्टातल्या बचतीतून आधी देवळाच्या आवारात अस्थी ठेवायचं आमचं थडगं आहे त्याच्या देखभालीचे पैसे भरावेत, उरेल ते चिगुसाचं.

माळ्यावर न उघडलेल्या खोक्यांची रास आहे. प्रत्येक मॉडेलवाल्याच्या घरी ती असते, आणि आपण मरायच्या आत ती संपेल असं प्रत्येकाला वाटतं. ती खोकी दर गुरुवारी दुकानात जमणाऱ्या मंडळींनी चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यावीत. अट एकच, ज्याला जे मिळेल ते त्याने जोडून पूर्ण करावं. पुन्हा रास लावणाऱ्याचा वाटा काढून घ्यावा.

कानशी, रंग आणि एअरब्रश त्याच मंडळींना. भाग कापायची माझी छोटी पक्कड जपून वापरावी. पुतण्या यासुताकाने एकदा त्या पकडीने विजेची तार कापली. यासुताकाला माझी शिडी द्यावी, आणखी काही देऊ नये.

आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते.

देवघरात मित्सुएच्या फोटोशेजारी एक हिरवा रोबोट उभा आहे. तिने जन्मभर गल्ला सांभाळला, पण मॉडेलला हात लावला नाही. आम्हा सगळ्यांना ती 'म्हातारी पोरं' म्हणायची. आजारी पडली त्या वसंतात मात्र म्हणाली, मलाही एक द्या. मी नुसतं दाबून बसणारं सोपं आणलं, तर तिला ते नको. जुन्या पद्धतीचं, सोल्युशन लावून जोडायचंच हवं. मी बजावलं होतं की सांध्यावर बोट ठेवू नकोस, सोल्युशन बोटाखाली शिरतं, प्लास्टिक विरघळतं आणि ठसा कायमचा उठतो. पण ती कुठली ऐकते. खांद्याचे दोन भाग सुटू नयेत म्हणून तिने अंगठ्याने घट्ट दाबून धरले. अंगठा उचलला तेव्हा उजव्या खांद्यावर तिच्या बोटाची रेघ न् रेघ उमटली होती.

ती गेल्यावर माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र तात्सुझो इशिगामी भेटायला आला. उदबत्ती लावली, रोबोट हातात घेतला, खांदा पाहिला आणि खिशातून पॉलिश पेपर काढून घासायला लागला. ठसा दिसला की घासायचा, ही आम्हा लोकांच्या हाताची खोड आहे. मी रोबोट हिसकावून घेतला. कडेच्या दोन रेघा तोवर गेल्या होत्या. चिगुसाही त्याच्याच बाजूने बोलली की आईला नीटनेटकं आवडायचं, काकांना करू द्या. मी दोघांनाही नको ते बोललो. तात्सुझो त्यानंतर आला नाही. चिगुसा येत राहिली, पण रोबोटाविषयी आम्ही बोलणं टाकलं.

मी ठरवलं होतं की तो माझ्याबरोबर शवपेटीत ठेवायचा. अंत्यविधीवाल्याला विचारलं, तर स्मशानात पेटीसकट जाळतात, प्लास्टिक चालत नाही म्हणाला. त्या दिवसापासून मला झोप लागेना. मी गेलो की कोणीतरी प्रेमानेच तो खांदा गुळगुळीत करणार, एवढंच डोक्यात घोळत राही.

यंदा ओबोनला, पितरांच्या सणाला, चिगुसा आली होती. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, तिला वाटलं माझं लक्ष नाही. तिने रोबोट उचलला आणि त्या ठशावर आपला अंगठा टेकवला. मग मला हाक मारून म्हणाली,

"बाबा, आईचा अंगठा माझ्याएवढाच होता हो."

म्हणून तो रोबोट चिगुसाला देत आहे. त्याला कानस, चाकू, पॉलिश पेपर लागू नये. धूळ मऊ ब्रशने झटकावी.

राहिलं त्याचं परीक्षण. दुकानाच्या स्पर्धेचे गुण आजवर मीच दिले, आणि मित्सुएनेही मागितले होते. पाठीवर सांधा दिसतो. कापल्याच्या पांढऱ्या खुणा जागोजागी आहेत. डाव्या गुडघ्यातली रबरी चकती बसवायची राहिली, त्यामुळे रोबोट भिंतीला टेकूनच उभा राहतो. उजव्या खांद्यावर बोटाचा ठसा, त्याचे दहा गुण वजा. हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं.

"कापा की," ती म्हणाली. "पण अहो, घासून माझे मार्क वाढवू नका."

एकूण गुण शंभरपैकी एकेचाळीस. दुकानाच्या इतिहासात इतके कमी गुण कोणाला मिळालेले नाहीत. यावर अपील नाही. रोबोट जसा आहे तसा मला फार प्रिय आहे.

तात्सुझो इशिगामी याला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीला तोच हवा होता. मी फोन केला. त्याने कारण विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मी ओबोनची गोष्ट आणि मित्सुएचे शब्द सांगितल्यावर म्हणाला, "हे तेव्हाच सांगितलं असतंस तर, गाढवा?" मग रोबोट बघायला देवघरात गेला. दोन्ही हात खिशात घालून वाकला आणि नाकाने बघावं तसं बघून आला.

इथे शिक्का मारण्याची पद्धत आहे. माझा शिक्का खणात आहे, पण मी अंगठा उठवत आहे. हाही कोणी पुसू नये.

ठिकाण: शिझुओका
दिनांक: २० ऑक्टोबर २०२४

एइझो कात्सुमाता (उजव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. शिनो काइबारा, शेजारच्या चहाच्या दुकानाच्या मालकीण. माझ्यासमोर लिहिलं, माझ्यासमोर अंगठा उठवला.
२. तात्सुझो इशिगामी. सहीपुरता हात खिशातून बाहेर काढला आहे.