डोळे मिटून केलेली प्रार्थना

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आरमोरीत मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. मी अजून सायकलवाल्या भाऊंची पोरगीच आहे. नवरा गेल्यावर तुमच्याच घरात राहायला आले, पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडली, आणि पहिल्याच रविवारी चर्चमधल्या बायांनी मला खिडकीजवळच्या तुमच्या जागेवर नेऊन बसवलं. मी नको नको म्हणाले, पण अगदी वरवर. मनातून मला ती जागा हवीच होती.

पाळकसाहेब गावात नसले की लोक आजाऱ्याला घेऊन तुमच्या दुकानावर येत. आपली चार ख्रिस्ती घरंच नव्हे, तलावाकाठचे मासे धरणारे ढिवर यायचे, बुद्धविहाराजवळचे लोक यायचे. तुम्ही हातातला पाना खाली ठेवायचे, ग्रीसचे हात बनियनला पुसायचे आणि उभ्या उभ्या प्रार्थना करायचे. तीही डोळे उघडे ठेवून. मला लहानपणी त्याची केवढी लाज वाटायची! चर्चमध्ये सगळ्यांच्या माना खाली आणि माझा बाप एकटा टकामका बघतोय. पाळकसाहेबांनी एकदा हसत हसत टोकलं, "भाऊ, देवाच्या घरात तरी डोळे मिटा." तुम्ही मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. "थ्या म्हातारीले चक्कर येते, साहेब. मी बी डोळे मिटले त तिच्याकडं पाहीन कोन?"

आणि तो नाताळचा दिवस. घरी पाहुणे जेवायला आहेत, मी दहाएक वर्षांची, आणि जेवणाआधीची प्रार्थना मला सांगितली आहे. मी सुरू होते ती थांबतच नाही. आकाश झालं, पृथ्वी झाली, वैनगंगेतले मासे झाले. पाहुणे कौतुकाने हुंकार देतात तसा मला आणखी जोर चढतो. तुम्ही हळूच म्हणता, "भात निवून राह्यला, माय. देवाले सारं मालूम हाय." सगळे हसले. मी रुसून आत जाऊन बसले. आई समजूत घालायला आली, तुम्ही आला नाहीत. त्याचा राग मी कितीतरी दिवस धरला होता.

यंदा धानाची रोवणी आटोपल्यावरची गोष्ट सांगायला हे लिहायला बसले आहे. दुपारी तलावाकडची एक बाई लेकीला खांद्यावर टाकून माझ्या दारात आली. पोरगी पाच-सहा वर्षांची, तापाने फणफणलेली, मान टाकलेली. "दवाखान्यातच चालली होती, बाई," ती म्हणाली. "म्हटलं, आंधी प्रार्थना करून घेऊ. मी लहान होती तं माह्यासाठी भाऊनं केली होती. तुमी करा." तिचं अर्धं बोलणं मी ऐकलंच नाही. तुमी करा, एवढंच माझ्या कानात शिरलं. चल, आधी ऑटो बघू, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, बस. सतरंजी अंथरली, तुमचं बायबल काढलं. शेजारच्या बाया गोळा झाल्या. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

चांगली झाली हो बाबा प्रार्थना. तेच तर सांगवत नाही. तुमचे शब्द होते, तुमचा हेल होता, मध्येच आवाज कसा भरून आला तेही मला कळत होतं. कोणीतरी मुसमुसत होतं. ते ऐकून मी आणखी लांबवली. संपवावी असं वाटतच नव्हतं.

तेवढ्यात आपली चर्चमधली म्हातारी मावशी किंचाळली, "अवो बाई, डोळे उघड! पोरगी पाय बडवून राह्यली!" मी डोळे उघडले. पोरीचे डोळे पांढरे झाले होते, दातखीळ बसली होती, आणि माझा हात तिच्या डोक्यावर तसाच होता. मावशी पदर खोचून ऑटोकडे धावत सुटली. जाता जाता म्हणाली, "भाऊ त आंधी सायकल काढे, न् प्रार्थना रस्त्यानं करे."

मला हे ठाऊक होतं, बाबा. कॅरिअरवर आजारी माणूस, मागून त्याला धरून चालणारं कोणी, आणि हँडल धरून देवाशी बोलत निघालेले तुम्ही, हे मी किती वेळा पाहिलं असेल. मी तुमचे शब्द तेवढे उचलले.

मलेरिया मेंदूत गेला होता. इथल्या दवाखान्यातून तिला गडचिरोलीला हलवलं, मीही सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर काऊन केला?" पोरीच्या आईने सरळ सांगितलं, "बाईकडे प्रार्थनेले गेली होती." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी खांबाच्या आड सरकले. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. पोरगी वाचली. औषधाने वाचली, आणि माझ्या हातून मरता मरता वाचली.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना सांगायला दोनदा गेले आणि चहा पिऊन परत आले. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुम्ही उलटून काही बोलणार नाही, आणि खरं सांगायचं तर तेच सोयीचं आहे.

काल ती बाई लेकीला चालवत घेऊन आली. सोबत तळ्यातली मोठी मरळ मासळी, पानात गुंडाळलेली. गल्लीतल्या सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमच्या प्रार्थनेनं वाचली माही पोरगी. भाऊच आले तुमच्यात." तिला उठवून खरं सांगावं, इतका वेळ मला नक्की मिळाला होता. मी मरळ हातात घेतली. आणि बाबा, मला फार बरं वाटलं.