इन्नंबूरला जाणारी दुसरी तार

प्रिय अक्का,

आज दुपारी बोर्डावर इन्नंबूरहून फोन आल्याची झडप पडली आणि माझा हात पुढे गेलाच नाही. शेजारच्या मुलीनं तो फोन घेतला. का, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आठवतं तुला? मी या टेलिफोन कचेरीत तुझ्या हाताखाली नवीन लागले तेव्हा तू कुंभकोणमच्या आपल्या घरापुढे रांगोळीचे ठिपके काढून मला तारांचं जाळं समजावलं होतंस. मधे एक ठिपका, भोवती बाकीचे, प्रत्येकाची मधल्यापर्यंत वेगळी रेघ. "हे आपल्या गावातले फोन. एकाची तार तुटली तर तो एकटाच मुका होतो. पण मधला ठिपका म्हणजे आपण. आपण बंद पडलो तर सगळंच संपलं!"

मग तू एक सरळ रेघ ओढलीस. कुंभकोणम, स्वामीमलै, इन्नंबूर, सगळी एकाच तारेवर. "ही अलीकडे तुटली की पलीकडचे सगळे गेले." आणि शेवटी इन्नंबूरपासून रेघ दुसऱ्या वाटेनं वळवून तू परत कुंभकोणमला आणून मिळवलीस. "असं कडं केलं, कावेरी, की एकीकडून तुटलं तरी दुसरीकडून बोलता येतं."

मी हसले होते. तू हसली नाहीस. भावोजी गेल्यापासून तुझी लेक चिन्नी इन्नंबूरला आईजवळ होती ना!

त्या दुसऱ्या तारेसाठी किती भांडलीस ग! "एवढ्याशा गावाला दोन तारा कशाला, अम्मा?" असं म्हणत टेलिफोन खात्याचे इन्स्पेक्टर तुला परत पाठवायचे, आणि तू पुन्हा जायचीस. शेवटी तार ओढली गेली, तेव्हा तू विषमज्वरानं इस्पितळात होतीस. एकदा तरी तिच्यावरून चिन्नीशी बोलायचं होतंस. तेवढंही थांबली नाहीस.

गेल्या आठवड्यात वादळ आलं. सकाळीच पापनाशम्‌हून निरोप आला: नदी फुगली आहे, बांधाला भेग पडली आहे, इन्नंबूरच्या लोकांना ताबडतोब उंचावर जायला सांगा. मी प्लग लावला. काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही. स्वामीमलैही मुकं. गावाबाहेर चिंचेचं झाड तारेवर पडलं होतं.

अक्का, त्या वेळी मला आई दिसत होती, चिन्नी दिसत होती आणि त्यांच्या मागे पाणी.

मग तुझी तार आठवली. पाऊस लागल्यापासून तिच्यावरून कुणी बोललं नव्हतं. तीही तुटली असेल तर? मी प्लग लावला. घंटी दिली, उत्तर नाही. पुन्हा दिली. तेव्हा खूप लांबून भातगिरणीतल्या कणक्कुपिळ्ळैंचा, त्या म्हाताऱ्या हिशेबनिसांचा, आवाज आला. मी रडायलाच लागले. तमिळमधून त्यांना निरोप सांगितला. ते म्हणाले, "गाव निघतंय, पण तुमची आई ऐकत नाही. दरवर्षी पाणी येतं म्हणते."

"तिला फोनवर आणा. ओढून आणा!"

आई आली. वारा नुसता किंचाळत होता.

"आई, चिन्नीला घे आणि देवळात जा. आत्ता!"

"कशास? घर टाकून कुठं जाऊं?" आणि मग एकदम तिनं तुझं नाव घेतलं, "तुळसा? तू का ग?"

अक्का, तिनंच तुला शेवटचं पाणी पाजलं होतं. तरी तिनं तसं विचारलं. आपला आवाज इतका सारखा का? हळू, एकेक अक्षर सुटं करून बोलायला तूच शिकवलंस मला.

मी म्हटलं, "हो आई. मी तुळसा. निघ."

"निघतें," ती म्हणाली. लगेच निघालीसुद्धा.

सारं गाव देवळाच्या उंच ओट्यावर बसून राहिलं. दुपारनंतर पाण्यानं आईच्या घराची मागची भिंत नेली. चिन्नी त्याच भिंतीशी निजते ग!

ती वाचली. पण आता आई रोज गिरणीत येऊन बसते. "माझ्या तुळसाला द्या," म्हणते. कणक्कुपिळ्ळैंना तिला नाही म्हणवत नाही, ते घंटी देतात. परवा फोन मीच घेतला तर पलीकडे चिन्नी होती. "अम्मा, तू कधी येणार?"

मी प्लग काढून टाकला. मी काय करून बसले आहे, अक्का? आईचं मन ताळ्यावर येईल ना? त्या पोरीसाठी तू दुसऱ्यांदा मरणार, तेही माझ्यामुळे! तू माझ्या जागी असतीस तर काय म्हणाली असतीस?

रविवारी मी पहिल्या बसनं इन्नंबूरला जाणार आहे. हे तारेवरून सांगायचं नाही. आईपुढे बसेन, चिन्नीला मांडीवर घेईन आणि त्या दिवशी कोण बोललं ते सांगेन. आई मला मारेल, रडेल, कदाचित माझ्याशी बोलणंच सोडेल. फार भीती वाटते ग. तरी जाईन. आणि पुन्हा कधी तुझ्या नावानं बोलणार नाही. चिन्नीनं हाक मारली तर ओ देईन, पण तिची चित्ती म्हणून, तिच्या आईची धाकटी बहीण म्हणून.

तुझीच,
कावेरी