अजून थोडं घुमतंय

बाबा, "तुजी गारी रस्त्यावर नाय, माज्या डोक्यान चालते," असं आई तुला म्हणाली, तेव्हा मी उंबऱ्यावर बसून पाढे लिहीत होते. तू हसलास. तुला वाटलं, नेहमीचा टोमणा. मग तिनं फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, शेजारणीला हाक मारून म्हावऱ्याची, ताज्या मासळीची पाटी डोक्यावर चढवून घेतली आणि वेसाव्याहून अंधेरीच्या बाजाराकडे चालायला लागली. तुझी पिकप गाडी दारातच उभी होती. "अगो, निदान म्हावरा तरी गारीन टाक!" तू मागून ओरडलास. ती वळलीसुद्धा नाही. "म्हावरा माजा, डोका पण माजा!" एवढं ऐकू आलं, आणि पाणवठ्यावरच्या बायका खदाखदा हसल्या.

त्या दिवशी तू जेवला नाहीस. का, ते मला मोठं झाल्यावर समजलं. ती जुनी, लष्कराच्या डिस्पोजलमधली गाडी तू आईच्या मानेसाठी घेतली होतीस. वर्षानुवर्षं पाटी वाहून तिची मान आखडायची, डावा हात बधिर व्हायचा, म्हणून बोट हाकणारा तांडेल असूनही तू बोटीतला तुझा वाटा भावाला देऊन टाकलास आणि जमिनीवर आलास. सगळा कोळीवाडा म्हणाला, तांडेलाला येड लागलं. आणि जिच्यासाठी हे केलं, ती पुन्हा पाटी डोक्यावर घेऊन त्याच रस्त्यानं चालली होती. सकाळी दुसऱ्या बायकांचं म्हावरं घेऊन तू निघायचास आणि वाटेत तिला गाठायचास. गाडी हळू करून तिच्या मागे मागे चालवायचास. गाडीतल्या बायका ओरडायच्या, "ये गो, बस ना, नवरा पाया पडतोय बघ!" आई चालीचा वेग वाढवायची.

तिचंही खोटं नव्हतं. सात बंगल्यांच्या पुढे सरळ रस्ता लागला आणि गाडी एका वेगावर आली, की सगळी केबिन घुमायला लागायची. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी कुणी न थांबता हूं करत राहावं, तसा आवाज. कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारा. अंधेरीला पोचेपर्यंत आईची कानशिलं ठणकायची, एकदोनदा तिला बाजारातच उलटी झाली. आणि तुला तो आवाज ऐकूच यायचा नाही. बारा वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी बसून तुझे कान बसले होते. वर त्या शिमग्याला तू सायलेन्सरच्या नळीला रुंद तोंडाचं, चकचकीत निकेलचं टोक बसवून आणलंस. नारळी पुनवेला आपण बोटीची नाळ, म्हणजे पुढचं उंच टोक, सजवायचो. गाडीला नाळ कुठली, म्हणून तू तिचं शेपूट सजवलंस. घुमणं दुप्पट झालं. आईनं गाडी सोडली ती त्यानंतरच.

मग तू उपाय सुरू केलेस. पहिला उपाय आठवला की अजून हसू येतं. बोटीचं धुराडं वर असतं, आवाज वाऱ्यावर निघून जातो, म्हणून तू गाडीची नळी केबिनच्या मागे सरळ आभाळाकडे उभी करून घेतलीस. घुमणं खरंच गेलं. पण धूर सगळा मागच्या पाट्यांवर बसला, आणि बाजारात बायकांनी तुला घेरलं. "तांडेला, पापलेट इकायचा हाय, का आयता भाजून आणलास?" अंधेरीचा म्हातारा मिस्त्री तर नळीकडे बघून कपाळालाच हात लावून बसला. "अरे तांडेल, ये नाव नहीं है!" मग त्यानंच तुला समजावलं, की नळी गाडीच्या फळ्यांखालीच संपते, आवाज फळ्यांवर आपटून केबिनमध्ये शिरतो. टोक लांब पाहिजे, निमुळतं पाहिजे आणि गाडीच्या बाहेर तोंड करून पाहिजे. "घर का झगडा है, बाहर छोड," तो म्हणाला.

पण घुमणं गेलं की नाही, हे तुला कळणार कसं? तुझे कान म्हणून तू मला घेतलंस. पाच भावंडांत मी मधली, तेव्हा अकरा वर्षांची. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि आईच्या जागेवर जाऊन बसायचं. "कानानं आयकू नको, पाठीनं आयक," तू सांगतोस. बोटीवर तांडेल फळीवर टेकलेल्या तळपायानं इंजिन ऐकतो, तसं. मी पाठ टेकवून, डोळे मिटून बसते. तिवरांचा वास येतो, म्हणजे सात बंगले मागे पडले. तू वेग धरतोस. "काय?" "घुमतंय." तू गाडी मिस्त्रीकडे नेतोस. तो टोक काढतो, लांब करतो, थोडं वाकवतो, लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून जुन्या टायरच्या पट्टीनं नळी टांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपण दोघं. घरात तू आम्हा मुलांशी दिवसाला चार शब्द बोलायचास. गाडीत मात्र तू मला वाऱ्यांची नावं सांगितलीस, पाण्याचा रंग बघून खालचा खडक कसा ओळखायचा ते सांगितलंस, पहिल्यांदा खोल समुद्रात गेलास तेव्हा तू रडला होतास, हेही. माझ्या मांडीवर शेंगांची पुडी असायची. तू समोर रस्त्याकडे बघत हात पुढे करायचास, मी सोललेले दाणे त्यावर ठेवायचे.

शेवटी एका शनिवारी मी म्हणाले, "गेलं." तू गाडी बाजूला घेऊन थांबवलीस. दुसऱ्या दिवशी आई गाडीत बसली, फुरंगटूनच. मी मागे पाट्यांमध्ये बसून केबिनच्या छोट्या काचेतून बघत होते. सात बंगले गेले, तिचा हात कानशिलाकडे गेला नाही. थोड्या वेळानं तिची मान कलली आणि डोकं तुझ्या खांद्यावर आलं. ती झोपली होती. अंधेरीचा बाजार आला तरी तू थांबला नाहीस. तिला जाग येऊ नये म्हणून सरळ सांताक्रूझपर्यंत गेलास आणि हळूहळू परत आणलीस. बर्फ वितळून पाणी माझ्या परकरावर येत होतं. जागी झाल्यावर तिनं तुला सगळ्या बाजारासमोर झापलं, "म्हावरा इकायला आणलास का फिरवायला?" मान खाली घालून शिव्या खाणारा इतका आनंदी माणूस मी नंतर पाहिला नाही.

तू जाऊन चोवीस वर्षं झाली, आईला जाऊन चार. गेल्या महिन्यात माझी मान धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि विचारलं, घरात कुणाला हा त्रास होता का? मी आईचं सांगितलं. घरी येऊन आरशात पट्टा बघत उभी राहिले, आणि तुला लिहायला बसले. हे पत्र कुठेच जाणार नाही, कपाटातल्या साड्यांखाली राहील, म्हणून लिहिता येतंय. घुमणं शनिवारी गेलं नव्हतं, बाबा. ते आधीच्या रविवारीच गेलं होतं. टायरची पट्टी लावली त्या दिवशी केबिन इतकी शांत झाली की तुझा श्वास मला ऐकू येत होता. तू विचारलंस, "काय?" आणि मी म्हणाले, "अजून थोडं घुमतंय." सोमवारीही तेच, मंगळवारीही. शुक्रवारपर्यंत. मिस्त्री वैतागला, तू त्याच्याशी माझ्या बाजूनं भांडलास. तेवढे दिवस आई पाटी डोक्यावर घेऊन चालत राहिली, रात्री मानेला गरम मिठाची पुरचुंडी धरून बसली, आणि मी शेजारी बसून उद्याच्या फेरीची वाट बघत होते.

तू रागावणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण तुझ्या पोटात कधी काही राहिलं नाही. दिवसभरात कुठेही काही घडलं, की पायरीवर पाय ठेवायच्या आधी ते आईला सांगून मोकळा व्हायचास. आता ती तुझ्याशेजारीच असेल. तू ऐकायचा नाहीस, तरी म्हणते, बाबा, एवढं एक तिला सांगू नकोस.