माणशी एक तुकडा

आई,

मी आणि पप्पा साकीनाक्याला फ्रीजर बघायला जातोय. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आत तुला सुरमई भरून ठेवायचीय, पण फ्रीजर केवढा घ्यायचा तेच कळेना. तूच म्हणतेस, दादा भांडून वेगळा राहायला गेला, आता तीन माणसांना छोटा बस झाला. आणि आत्ता फ्रीजमधून बर्फ काढताना तू काल भरलेली सुरमईची पाकिटं बघितली, तर प्रत्येकात चार तुकडे! एका जेवणाला एक पाकीट, माणशी एक तुकडा, हा हिशोब तुझाच ना? पप्पांना दाखवलं, तर ते रिक्षा बघायला खाली गेले. माझं तर डोकंच चालेना.

दुकानात पोचायच्या आत सांग गं. छोटा घेऊ, की दादाला फोन करू?

दिशा