आतून तीन ठोके

लिंकन,
१४ जून १९८६

प्रिय आयव्ही,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र शेगडीत टाकलं नाहीस, याबद्दल आधी आभार. पत्ता तुझ्या मावसबहिणीनं दिला. तिला रागावू नकोस, मीच चिकटपणा केला. मी बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. स्टॅनलीला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली. बागेत यंदा वाटाणा भरपूर आलाय, पण खायला माणूस नाही.

रिकामं घर खायला उठतं, म्हणून मी जुन्या धावपट्टीजवळच्या शेडमध्ये जायला लागले. तिथे सात-आठ निवृत्त मंडळी स्कॉटलंडमधल्या एका तळ्यातून काढलेलं लढाईतलं विमान पुन्हा उभं करताहेत. लढाईत आपण दोघी जिथे पंख जोडायचो, त्याच कारखान्यातलं विमान आहे. केनेथ हा आमचा म्होरक्या, आयुष्यभर बस दुरुस्त केलेला माणूस. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "बाई, चहाचं तुम्ही बघाल ना?" मी म्हटलं, "चहाचं तूच बघ. रिव्हेट गन कुठे आहे?" तेव्हापासून चहा तोच करतो. पाणचट असतो.

त्यांना मी आपली पद्धत शिकवली. एकानं बाहेरून गननं पत्र्यात रिव्हेटचा खिळा ठोकायचा, दुसऱ्यानं पंखात शिरून त्याच्या मागे लोखंडी ठोकळा लावून धरायचा. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आतल्यानं पत्र्यावर ठोके द्यायचे. एक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे बसला, तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. केनेथ म्हणाला, "आणि बाहेरच्याला ऐकूच आलं नाही तर?" मी म्हटलं, "येतं."

मंगळवारी डावा पंख उघडला. केनेथ टॉर्च घेऊन आत वाकला.

"डॉरीन, इथे पेन्सिलीनं लिहिलंय काहीतरी. डी आणि आय, अशी दोन अक्षरं. एका रिव्हेटभोवती गोल काढलाय, शेजारी तीनचा आकडा. कसला गं असेल?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं. 

हे लिहायला तीन दिवस घेतले, आयव्ही. आधी वाटाण्याचंच लिहीत बसले होते.

तू गोल काढलेल्या त्या रिव्हेटला तीनच ठोके दिले होतेस. मी तिन्ही ऐकले. कामाची पाळी संपत आली होती, संध्याकाळी स्टॅनली हॉलवर नाचायला येणार होता आणि तो रिव्हेट काढून दुसरा बसवायला पाव तास गेला असता. मी पुढचा ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मुकादमाला सांगितलंस, तोवर पंख बंद होऊन पुढे गेला होता. त्यानं मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "दोनच दिले. झोपेत असते ती." तुला पंखावरून काढून खोकी बांधायला धाडलं, आणि मी मान खाली घालून उभी राहिले. माझ्या लग्नाला तू आली नाहीस, तेव्हा लोकांना सांगितलं की तुला हेवा वाटतो. तेही खोटं.

हे मात्र आधी सांगायला हवं होतं: तो रिव्हेट टिकला. विमान पडलं ते इंजिन बंद पडून. आतले पाचही जण पोहत काठाला लागले, केनेथकडे कागद आहेत. पेपरात कुठलंही विमान पडल्याचं वाचलं की ते आपल्याकडचं होतं का, हे मी शोधत बसायचे. तूही शोधत असशील, तर आता शोधू नकोस.

काल केनेथला सगळं सांगितलं. तो कप विसळत राहिला. मग म्हणाला, "तिनं काढायला सांगितलाय ना? मग काढायलाच हवा."

रिव्हेटची बाकीची ओळ आम्ही काढली आहे. तो एक ठेवलाय. तिथे हात घालायची जागा एवढीशी आहे, आणि तुझ्याइतकं बारीक मनगट आमच्यात कुणाचंच नाही. तू ये. संधिवात असेल तर नवा बसवताना ठोकळा नुसता टेकवून धर, बाकीचं मी सांभाळीन. यावंसं वाटलं नाही, तर तसं एका ओळीनं कळव. तोवर त्या रिव्हेटला कुणी हात लावणार नाही.

पंखाच्या बाहेर, पत्र्याला कान लावून उभी,
तुझी
डॉरीन