पट्टी आणि पूजा

डॉक्टर रंजिता मॅडम यांस, हणमंतरावचा नमस्कार.

तुम्ही बेळगावच्या, मराठी वाचता, म्हणून लिहितो. काल इथं बंगळुरात, बसवनगुडीच्या दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "अण्णा, पट्टी दिवसभर ठेवता ना?" शेजारी मुलगा अजिंक्य होता. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. 

बिडी सुटावी म्हणून दिलेल्या या पट्टीत तंबाखूचाच अर्क असतो, असं तुम्हीच सांगितलंत. तो अंगावर घेऊन देवाला कसं शिवायचं? सकाळी पूजा, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी आरती. तिन्ही वेळा मी पट्टी काढतो आणि तीच परत दंडावर दाबतो. ती गळून पडते, मग जीव कासावीस होतो आणि मी खाली पार्किंगमध्ये जाऊन बिडी ओढतो. परवा सून वीणा म्हणाली, "अप्पा, पट्टी चिकटत नाही की तुम्ही चिकटू देत नाही?" मी पेपर वाचत राहिलो.

आता तुम्ही म्हणता, बिडी अजून सुटत नाही म्हणजे पट्टीनं गुण येत नाही, सोमवारपासून गोळी देऊ. माझ्या खोटेपणावर औषध वाढतंय, मॅडम. त्या गोळीनं काही झालं तर?

हे पत्र पाठवायचं धाडस होत नाही. सोमवारी तोंडानंच सांगेन, अजिंक्यच्या समोर. पट्टी अंगावर राहायची तर काही महिने पूजा त्यानं करायला हवी. बिडी सोडतो म्हणणं सोपं होतं. देवघर सोडतो म्हणणं जड जातंय.

आपला पेशंट,
हणमंतराव, एचएसआर लेआउट