बरं नसतं म्हणजे काय

आई, पाया पडते.

तुझा गुडघा कसा आहे? माझ्या ऑफिसमागच्या वाचनालयात दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट भरतो, असं कळलं. माझ्याकडे राहायला आलेल्या बाबांना तिथे घेऊन गेले. गट चालवणाऱ्या शिंपीकाकांनी त्यांना विचारलं, "का आलात?"

मी सवयीने म्हणाले, "त्यांना बरं नसतं."

"ताई, तोंड त्यांनाही आहे ना?"

सगळे हसले, बाबाही. मग म्हणाले, "आमच्या घरात 'बरं नसतं' म्हणतात. मी दारू पितो."

इतक्या वर्षांत 'दारू' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आई.

दारू सोडल्याचा आज बाविसावा दिवस. हात अजून थरथरतात, पण जेवण वाढलंय. काल मला कामावरून यायला उशीर झाला, तर ते माझी वाट न पाहता एकटेच गटाला गेले.

तुझी पदवीधर,
तरी मध्येच बोलणारी लेक